स्त्रीमदजन-क्रियेचे स्तन-ऊतकातील मापन

स्तनाच्या ऊतकावर (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहावर) स्त्रीमदजन अथवा ईस्ट्रोजेन या हॉर्मोनाची क्रिया कितपत होते, हे ठरविण्याच्या पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाल्या. त्यांची निकड मात्र जुनी होती. दोन्ही अंडकोश काढून टाकल्यास स्तनाचा वाढलेला कर्करोगही मागे हटू शकतो, असे ग्लासगो येथील शस्त्रक्रियाविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये दाखविले. पुढील अनुभवात हा लाभ सुमारे एक-तृतीयांश रुग्णांनाच होतो, असे आढळले. उरलेल्या स्त्रियांना अंडकोश आणि १९५० नंतर अधिवृक्क वा पोष ग्रंथीही व्यर्थ गमवाव्या लागत; कारण लाभ कोणाला होईल, हे आधी ओळखता येत नव्हते.

शिकागो विद्यापीठातील एलवुड जेन्सेन व हर्बर्ट जेकबसन यांनी एस्ट्राडायॉल या स्त्रीमदजनाला ट्रिशियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनाची खूण जोडली. अपक्व मादी उंदरांना ते टोचल्यावर गर्भाशयात ते दीर्घकाळ टिकून राहिले व त्यात रासायनिक बदलही झाला नाही. म्हणजे हॉर्मोनाला धरून ठेवणारे एखादे प्रथिन तेथे असले पाहिजे. १९६६ मध्ये डेव्हिड टॉफ्ट व जॅक गोर्स्की यांनी हे ग्राही प्रथिन वेगळे करून दाखविले. काही स्तन-अर्बुदांत ते असते व काहींत नसते, हे त्यानंतर जेन्सेन यांनी निदर्शनास आणले.

१९७० नंतरच्या दशकात कोळशाची पद्धत रूढ झाली. अर्बुदाचा तुकडा थंडाव्यात वाटून त्याचा द्राव खूण केलेल्या हॉर्मोनात मिसळत; न बांधले गेलेले हॉर्मोन डेक्स्ट्रानलेपित कोळशाने शोषून घेत आणि उरलेले प्रारण मोजत. फल फेम्टोमोलमध्ये (मोलच्या एक सहस्र-महापद्मांशात, म्हणजे १०<sup>-१५</sup> मोलमध्ये) मिळे. अनेक प्रयोगशाळा दर मिलिग्रॅम प्रथिनास १० फेम्टोमोल ही सीमा मानीत, काही ३. पद्धत संवेदनशील असली, तरी नाजूक होती. ग्राही प्रथिन उष्णतेने लवकर नष्ट होते; त्यामुळे शस्त्रक्रियागृहातून तुकडा गोठविण्यास विलंब झाला, तर ग्राही असलेली रुग्णही ग्राहीरहित ठरे. शरीरातील स्वतःच्या हॉर्मोनाने व्यापलेली ग्राही प्रथिने मोजणीतून सुटत, आणि लहान अर्बुदातून पुरेसे ऊतकच मिळत नसे.

ग्राही प्रथिन असलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांहून थोड्या अधिकांना हॉर्मोन-उपचार लागू पडत, ग्राहीरहितांपैकी दहांत एकीलाही क्वचितच. ग्राही असूनही लाभ का होत नाही? कॅथरिन हॉर्विट्झ व विल्यम मॅग्वायर यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार येथे महत्त्वाचा आहे : प्रोजेस्टेरॉनाचे ग्राही प्रथिन स्त्रीमदजनाच्या प्रेरणेनेच तयार होते, तेव्हा ते आढळल्यास स्त्रीमदजनाची यंत्रणा शेवटपर्यंत कार्यरत आहे, असे समजावे. कुलूप मोजण्याऐवजी दार उघडते की नाही हे पाहण्याची ही सुरुवात होय. १९८२ मध्ये स्ट्रासबर्ग येथील प्येअर शाँबाँ यांच्या गटाने एमसीएफ-७ या कर्क-कोशिकांतून पीएस-२ हा स्त्रीमदजनाने कार्यान्वित होणारा जीन शोधला, व त्याच्या संदेशक आरएनएचे मापन शक्य झाले.

पॉलिमरेज शृंखला विक्रियेमुळे अत्यल्प आरएनएही असंख्य पटींनी वाढवून मोजता येऊ लागला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली २१ जीनांची परीक्षा तर मेणात जतन केलेल्या ऊतकावर केली जाते. मात्र वाटलेल्या ऊतकात निरोगी ग्रंथींच्या कोशिकाही मिसळतात, आणि पद्धत जितकी संवेदनशील, तितकी ही भेसळ फसवी ठरते. प्रतिपिंडांनी कोशिका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत म्हणूनच टिकून राहिली. तीत १ टक्का कोशिका रंगल्या, तरी अर्बुद ग्राहीयुक्त मानावे, असे २०१० मध्ये अमेरिकेतील तज्ञांनी ठरविले. २०२० मध्ये १ ते १० टक्क्यांच्या गटाची ‘अल्प ग्राहीयुक्त’ अशी वेगळी नोंद करण्यास सांगितले, कारण जीनांच्या कार्यावरून या गटातील अर्बुदे पुष्कळदा ग्राहीरहित अर्बुदांसारखीच दिसतात.