बोस्टनचें कोरें पान

वृत्तपत्रांचें स्वातंत्र्य कायद्याच्या एखाद्या कलमांतून जन्मास येतें, असा आम्हां सुशिक्षितांपैकीं पुष्कळांचा समज असतो. अमेरिकेच्या राज्यघटनेंत १७९१ सालीं मुद्रणस्वातंत्र्याचें कलम दाखल झालें, हें खरें. परंतु त्याच्या पाठीशीं बोस्टनसारख्या शहरांतील शंभर वर्षांची झटापट उभी होती.

२५ सप्टेंबर १६९० रोजीं बेंजामिन हॅरिस या पुस्तकविक्रेत्यानें बोस्टन येथें एक वृत्तपत्र काढलें. चार पानांपैकीं तीनच छापलेलीं, चौथें कोरें. वाचकानें त्यावर आपल्याकडील बातमी लिहावी व अंक पुढें धाडावा, अशी योजना होती. अंकांत फ्रान्सच्या राजाविषयीं एक प्रवाद होता, तसेंच इंग्रजांच्या मोहॉक मित्रांनीं कैद्यांच्या चालविलेल्या छळावर टीका होती. सरकारी परवाना मात्र नव्हता. चारच दिवसांनीं गव्हर्नर व त्याचें मंडळ यांनीं पत्र बंद केलें. त्या अंकाची ज्ञात अशी एकच प्रत उरली आहे, आणि तीहि लंडनच्या सरकारी दप्तरांत!

१७०४ सालीं पोस्टमास्तर जॉन कॅम्बेल यानें 'बोस्टन न्यूज-लेटर' सुरू केलें. अधिकाऱ्यांच्या अनुमतीनें प्रसिद्ध होत असल्याचें तें आपल्या मथळ्याखालींच सांगे. अर्थातच तें दीर्घायुषी झालें.

खरी ठिणगी पडली ती १७२१ सालीं, जेम्स फ्रँकलिनच्या 'न्यू-इंग्लंड कूरंट'मुळें. त्या वर्षीं शहरांत देवीची सांथ होती. रोग्याच्या फोडांतील पू निरोग्यास टोंचण्याचा उपाय धर्मोपदेशक कॉटन मॅदर यानें पुरस्कारिला व डॉक्टर बॉयल्स्टन यानें अमलांत आणला. 'कूरंट'नें त्यावर झोड उठविली. यांत पत्राची चूक होती. टोंचून घेतलेल्यांत शेंकडा दोनतीन दगावले, तर इतर रोग्यांत शेंकडा चौदांवर. परंतु या चुकीसाठीं जेम्सला तुरुंग घडला नाहीं. चांच्यांचा पाठलाग करण्यांत सरकार दिरंगाई करतें, असा टोमणा त्यानें १७२२ च्या जूनमध्यें मारला, तेव्हां मात्र त्याची रवानगी झाली. त्या काळांत पत्र संभाळलें तें त्याच्या सोळा वर्षांच्या भावानें. हाच पुढें जगद्विख्यात झालेला बेंजामिन फ्रँकलिन.

येथवर विरोधक सरकार होतें. पुढील शतकांत विरोधक बदलला. १ जानेवारी १८३१ रोजीं विल्यम लॉइड गॅरिसन यानें गुलामगिरीच्या उच्छेदासाठीं 'लिबरेटर' हें साप्ताहिक काढलें. घटनेचें कलम तेव्हां चाळीस वर्षांचें होतें. तरी १८३५ च्या ऑक्टोबरांत जमावानें गॅरिसनला दोरीनें बांधून बोस्टनच्या रस्त्यांतून ओढलें. अखेर जीव वांचावा म्हणून त्यास एक रात्र तुरुंगांत ठेवावें लागलें. आणि हा जमाव गुंडपुंडांचा नव्हता. त्यांत प्रतिष्ठित, मालमत्तेचे धनी असे गृहस्थ होते. तथापि पत्र बंद पडलें नाहीं. गुलामगिरी नष्ट करणारी घटनादुरुस्ती १८६५ च्या डिसेंबरांत संमत झाली, तेव्हांच गॅरिसननें आपण होऊन तें थांबविलें.

या चळवळीचा पडसाद आमच्या प्रांतांतहि उमटला. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रोंस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. अटलांटिकपलीकडील त्या झगड्याचा अर्थ पुण्याच्या या पुरुषास पुरता उमगला होता.

सरकारची धाड दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध ओरड करणें सोपें असतें. पण सभ्य गृहस्थांचा संताप आम्ही स्वतःच्या मनांत क्वचितच ओळखतों. हॅरिसनें चौथें पान वाचकासाठीं कोरें सोडलें होतें. त्यावर शेजाऱ्यानें आम्हांस न रुचणारें कांहीं लिहिलें, तर तें पुढें धाडण्याइतकें धैर्य आमच्या अंगीं आहे काय? वृत्तपत्रस्वातंत्र्याची कसोटी आम्हांस तरी येथेंच दिसते.