पाप, प्रायश्चित्त आणि सोबत : ‘अरुणोदया’च्या निमित्ताने

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा अभ्यास करताना काही शब्दांपाशी थांबावे लागते. ‘पाप’ हा असाच एक शब्द. रोजच्या वापराने तो इतका गुळगुळीत झाला आहे की त्याच्या पोटात एके काळी केवढा झगडा झाला, हे सहसा ध्यानात येत नाही. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ हे स्वलिखित चरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक म्हणून अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख होतो आणि धर्मांतराची हकिगत म्हणून ते बाजूलाही ठेवले जाते. आमच्या मते ते आणखी एका दृष्टीने वाचावयास हवे. समवयस्कांच्या मेळाव्यात राहून एका तरुणाने पापाचा अर्थ कसा बदलत नेला, आणि त्या बदललेल्या अर्थाची किंमत कशी दिली, याचा तो दस्तऐवज आहे.

आधी पार्श्वभूमी पाहू. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत इंग्रजी शाळा सुरू केली. आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ तेथे आहे. या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळेतील मुलांची संख्या एकदम घटली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केले.

खरा प्रश्न येथून पुढे उभा राहिला. श्रीपतचा बाप्तिस्मा झाला नव्हता. परंतु परधर्मीयांकडे त्याचे खाणेपिणे झाले होते. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीची बाजू घेतली आणि कर्मठांचा रोष ओढवून घेतला. या वादातील उभय पक्षांना श्रीपतच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याची गरज भासली नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईल. पातक शरीराला चिकटलेले होते, अन्नातून आलेले होते आणि विधीने ते धुवून निघणार होते की नाही, एवढाच मुद्दा होता. उलट मिशन-शाळेच्या वर्गात पाप शिकवले जाई ते अंतःकरणाचे. तेथे पंचगव्याचा उपयोग नव्हता. मुंबईतील त्या तरुण विद्यार्थ्यांच्या डोक्यात ‘पाप’ या एकाच शब्दाखाली ही दोन्ही शास्त्रे एकाच वेळी नांदत होती.

याच वातावरणात १८४९ च्या सुमारास परमहंस सभा जन्मास आली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे प्रवर्तक आणि रामचंद्र बाळकृष्ण अध्यक्ष. जातिभेद मानावयाचा नाही, मूर्तिपूजा करावयाची नाही, देव एकच, ही तिची तत्त्वे. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने केलेला पाव सर्वांसमक्ष खावयाचा, हा तिचा जणू दीक्षाविधी. मात्र सभा गुप्त होती. संख्या पुरेशी वाढल्याखेरीज उघड व्हावयाचे नाही असे ठरले होते. या सभेकडे आपण सहसा सामाजिक सुधारणेच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून पाहतो. तिच्यातील तरुणाच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. घरी देवपूजा, पंक्तीत सोवळे, आणि रात्री बंद दाराआड पावाचा तुकडा. जे घरच्यांच्या दृष्टीने महापातक, तेच सभेत धैर्याचे लक्षण. परंतु ते धैर्य दाराबाहेर पडत नव्हते.

बाबा पदमनजी या सभेचे सभासद होते. बेळगावच्या कासार कुटुंबातील हा बुद्धिमान मुलगा लहानपणापासून देवभोळा. मुंबईस फ्री चर्चच्या शाळेत शिकत असता त्याची जुनी श्रद्धा ढासळली, पण नवी लगेच हाती आली नाही. मधल्या काळात सभेने त्याला आधार दिला, हे विसरता कामा नये. शंका घेणारा आपण एकटेच नाही, हा दिलासा विशीतल्या मनाला फार मोठा असतो. ‘स्त्रीविद्याभ्यास निबंध’ (१८५२) आणि ‘व्यभिचारनिषेधक बोध’ (१८५४) या त्याच्या आरंभीच्या पुस्तकांची नावेच पाहिली तरी नीतीचा प्रश्न त्याला किती जवळचा होता हे कळते. पण ज्या पापाने त्याला खरोखर छळले ते व्यभिचारासारखे, नाव घेऊन निषेध करता येईल असे नव्हते. मनाला एक पटले आहे आणि हातून दुसरेच घडते आहे, हे ते पाप होते. श्रीपतच्या प्रकरणात पाप म्हणजे परक्याचे अन्न खाणे. पदमनजींच्या बाबतीत ते खाल्ले ही गोष्ट लपवणे. अवघ्या दहा-अकरा वर्षांत शब्दाचा अर्थ असा उलटा फिरला.

येथे पाश्चात्त्य परंपरेतील एक तुलना उपयोगी पडेल. संत ऑगस्टीन आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात तरुणपणी मित्रांबरोबर केलेल्या पेअर फळांच्या चोरीची मीमांसा करतो. एकटा असतो तर आपण ती केलीच नसती, असे त्याचे सांगणे आहे. सोबत माणसाला पापाकडे नेते. परंतु त्याच ग्रंथात पुढे, मिलान येथील बागेत मनाचा निर्णय होतो तेव्हा अलिपियस हा मित्र जवळ असतो आणि तोही त्याच वाटेने निघतो. तेथेच व्हिक्टोरिनस या नामांकित वक्तृत्वशिक्षकाचीही कथा येते. आपण मनाने ख्रिस्ती झालोच आहोत, चारचौघांत सांगण्याची गरज काय, अशी त्याची भूमिका होती. शेवटी त्याने सर्वांसमक्ष श्रद्धा कबूल केली. परमहंस सभेतील तरुणांपुढे हाच प्रश्न होता. पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावास बाप्तिस्मा घेऊन आपल्यापुरते त्याचे उत्तर दिले.

या उत्तराची किंमत लहान नव्हती. धर्मांतर केल्याने वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० मध्ये झाला होता. पण आईच्या हातचे जेवण, बिरादरीतली ऊठबस आणि सणावारी घरातली जागा कोणत्याही कायद्याने परत मिळणारी नव्हती. पापावर विजय मिळवणे ही गोष्ट उपदेशात सोपी वाटते. येथे तिचा अर्थ होता, ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांना जाणूनबुजून दुखावणे.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘अरुणोदय’ हा चौतीस वर्षांनंतर मागे वळून लिहिलेला ग्रंथ आहे. उजाडल्यावर रात्रीविषयी लिहिणाऱ्याला अंधार अधिक गडद दिसतो. शीर्षकातच ती दृष्टी आहे. जे सभासद हिंदू समाजात राहिले ते सगळे भित्रे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली, हे खरे. परंतु तिच्याच शिल्लक राहिलेल्या विचारांतून १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, आणि तो गुप्त नव्हता. मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी तर धर्मांतर न करता १८७३ मध्ये सत्यशोधक समाज उघडपणे स्थापला. अंतर्बाह्य एक होण्याचे मार्ग अनेक होते. पदमनजींचा मार्ग त्यांतील एक होता, एकमेव नव्हे.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठामपणे म्हणता येते. आपल्याला मिळालेले उत्तर त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. बाप्तिस्म्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ आले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा गौरव होतो, आणि विधवांच्या दुःखाचे चित्रण म्हणून ती वाचली जाते. पण यमुना आणि विनायक हे ख्रिस्ती मताकडे कललेले तरुण दांपत्य एकमेकांशी जे बोलते ते घराच्या रूढीविरुद्ध बोलते, हेही पाहावे. दोघांचीच ती सभा. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुना एकटी उरते आणि अखेर उघडपणे ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. मुंबईच्या तरुणांना निदान एकमेकांची सोबत होती. सोवळ्या विधवेला तीही नव्हती. तिच्या अंगावर पाप कोणी लादले आणि ते नेमके कोणाचे, हा कादंबरीतील प्रश्न लेखकाच्या स्वतःच्या अनुभवातून आलेला आहे.

पुढच्या पिढीत नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती. परमहंस सभेच्या बंद खोलीपासून या दरबारापर्यंत सुमारे सात दशकांचे अंतर आहे. सभेला दार बंद ठेवावे लागले; पदमनजींना ते उघडून एकट्याने बाहेर पडावे लागले; टिळकांनी उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र बसवू पाहिले.

‘अरुणोदय’ शिकवताना धर्मांतर योग्य की अयोग्य, या वादात वर्गाचा तास संपून जातो. तो वाद होऊ द्यावा. मात्र त्यापाशीच थांबू नये. पुस्तकातील तरुण ज्या वयाचा आहे त्याच वयाची मुले समोर बसलेली असतात. मित्रांत एक, घरात दुसरे, अशी दोन आयुष्ये जगण्याचा अनुभव त्यांना नवा नाही. त्या दुभंगाला पाप म्हणावे की नुसती अडचण, हे ठरवण्याचे काम पदमनजींनी विशीत स्वतःच्या जिवावर केले. मराठी गद्याला आत्मपरीक्षणाची भाषा लाभली, ती थोड्याफार अंशी या कामातून.