तारेची भाषा

तारेची भाषा म्हणजे मोजक्या शब्दांची, जमेल तिथे क्रियापदही गाळणारी भाषा. अशा लेखनाला इंग्रजीत ‘टेलिग्राफिक’ म्हणतात. हा आटोपशीरपणा साहित्यिक शिस्तीतून आलेला नाही. तारेचे पैसे शब्दांवर पडत, त्यामुळे प्रत्येक जादा शब्द खिशाला जाणवे.

भारतात तारसेवा १८५५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ठाण्याच्या मुलखात तारेचे खांब रुळांच्या कडेने पुढे सरकले. रेल्वे ठाण्याला १८५३ मध्ये पोहोचली, कल्याणला १८५४ मध्ये, आणि आजच्या शहाडवरून कसाऱ्याला १८६१ मध्ये. गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ मागण्याची पद्धत तारेवरच चाले. इतका लहान आणि इतका निर्णायक मजकूर दुसरा क्वचितच असेल.

थोडक्यात लिहिणे मराठीला तारेने शिकवले असे मात्र नाही. पानिपतची वार्ता १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. त्यात पडलेल्यांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि खुर्दा यांचा हिशेब होता. तिथे शब्द आवरले ते गुप्ततेसाठी, तारेत काटकसरीसाठी.

मराठी माणसाची तार पुष्कळदा इंग्रजीत जाई: ‘फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’. गंमत अशी, की या कामाला मराठीच अधिक सोयीची. विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने ‘मुंबईहून’ एका शब्दात भागते, इंग्रजीत दोन लागतात. व्यापाऱ्यांनी आणखी वाटा काढल्या. पेढीचा लांबलचक पत्ता एका नोंदवलेल्या शब्दात बसवला, भावांसाठी सांकेतिक कोश वापरले. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना तारखात्यानेच क्रमांक दिले होते. तारेवरून फक्त आकडा जाई आणि पलीकडे पूर्ण वाक्य उमटे.

शहाडला गेल्या शतकाच्या मध्यास सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला. घर सोडून आलेल्या कामगारांच्या अशा वस्त्यांत गावाकडची तार बहुधा आजारपणाची किंवा मृत्यूची असे. म्हणून ‘तार आली’ एवढे ऐकूनच, पाकीट फोडण्याआधी, घरात रडारड सुरू होई. खुशालीला पोस्टकार्ड पुरत असे.

सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. छोट्या जाहिरातींचा दर मात्र अजूनही शब्दांवर किंवा ओळींवर ठरतो, आणि भाड्याच्या खोल्यांच्या व वधू-वरांच्या त्या रकान्यांत तारेचीच भाषा चालते.