जुन्या शेणातून इतिहास कसा वाचतात? कॉप्रोलाइट म्हणजे काय, सोप्या भाषेत

विषय ऐकून मीही आधी नाक मुरडलं होतं. पण वाचत गेलो तसं एक पटलं. हाडांवरून प्राणी कसा दिसायचा ते कळतं, भांड्यांवरून माणसं कशी राहायची ते कळतं. पण पोटात खरंच काय गेलं होतं, हे विष्ठेइतकं सरळ दुसरं काही सांगत नाही. मोबाईलच्या भाषेत सांगायचं तर हाडं म्हणजे फोनची बॉडी आणि विष्ठा म्हणजे डिलीट न झालेली हिस्ट्री.

कॉप्रोलाइट म्हणजे काय?

विष्ठेचा झालेला दगड म्हणजे कॉप्रोलाइट. ग्रीक भाषेत कोप्रोस म्हणजे शेण आणि लिथोस म्हणजे दगड. हे नाव इंग्लंडच्या विल्यम बकलंड यांनी १८२९ मध्ये दिलं. पण त्याआधीच जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांनी एक गोष्ट हेरली होती. इक्थिओसॉर या समुद्री प्राण्याच्या सांगाड्यात पोटाच्या जागी काही दगड सापडायचे आणि ते फोडले की आत माशांची हाडं आणि खवले दिसायचे.

विष्ठा सहसा कुजून जाते. ती टिकायची तर तिच्यात खनिजं झिरपून दगड व्हावा लागतो, नाहीतर ती कोरड्या गुहेत वाळावी, बर्फात गोठावी किंवा मिठात मुरावी लागते. वाळलेला नमुना ट्रायसोडियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवला की पुन्हा मऊ होतो. आणि हो, कधीकधी वासही परत येतो!

पर्यावरण: चंद्रपूरचे डायनासोर

याचं एक गाजलेलं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे. तिथले कॉप्रोलाइट साडेसहा ते सात कोटी वर्षं जुने, बहुधा टायटॅनोसॉर या महाकाय डायनासोरचे. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा आत गवताचे फायटोलिथ सापडले.

फायटोलिथ म्हणजे काय? गवत जमिनीतून सिलिका शोषून घेतं आणि तिचे बारीक कण पेशींमध्ये साठवतं. गवताच्या पात्याने बोट कापतं, त्यामागेही ही सिलिका असते. गवत कुजतं, पण हे कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत भात आणि बांबूच्या दूरच्या नातेवाईकांचे कणही होते. तोवर समज असा होता की गवत आलं ते डायनासोर संपल्यावर. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि तो समज मोडला.

आहार: खाणीतलं चीज आणि बिअर

ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथल्या मिठाच्या खाणीत सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या कामगारांची विष्ठा मिठामुळे शाबूत राहिली. २०२१ मध्ये तिच्यातला डीएनए वाचला, तर ब्लू चीज आणि बिअर बनवणाऱ्या दोन बुरशी सापडल्या. म्हणजे आंबवलेले पदार्थ तेव्हाच त्यांच्या जेवणात होते.

आरोग्य: जंतांची अंडी

१९७२ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क शहरात एका बँकेच्या बांधकामाच्या जागी सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा व्हायकिंग काळातला मानवी नमुना मिळाला. त्यात मांस-पावाच्या जेवणाच्या खुणा होत्या आणि जंतांची अंडीही होती. शाळेत आपल्याला जंताची गोळी देतात ना, ती असल्याच जंतांसाठी.

माणसाची की कुत्र्याची?

खरी अडचण इथे येते. दोघांची विष्ठा आकाराने सारखी दिसू शकते. नुसता डीएनए बघूनही फसायला होतं, कारण काही ठिकाणी माणसं कुत्रा खात आणि कुत्रे माणसाची विष्ठा खात. म्हणून २०२० मध्ये कोप्रोआयडी नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते यजमानाचा डीएनए आणि आतड्यातल्या जिवाणूंची सरमिसळ एकत्र बघतं आणि मशीन लर्निंगने उत्तर काढतं. डीएनए खरंच जुना आहे का, हेही तपासतात. काळानुसार डीएनएच्या तुकड्यांची टोकं ठरावीक पद्धतीने खराब होतात. इथे ती खराबीच पुरावा ठरते.

आपल्याला याचा काय उपयोग?

मला सगळ्यात विचारात पाडलं ते २०२१ च्या एका अभ्यासाने. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या १००० ते २००० वर्षं जुन्या वाळलेल्या विष्ठेतून शास्त्रज्ञांनी आतड्यातल्या जिवाणूंचे जीनोम जुळवले. त्यातले कित्येक जिवाणू आधी कुणाला माहीतच नव्हते. काही तर आजच्या शहरी, औद्योगिक जीवनशैलीच्या माणसांत जवळपास सापडत नाहीत. उलट अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुकं आजच्या पोटात जास्त दिसली. म्हणजे पोटातले जुने सोबती आपण गमावले असू शकतात आणि ते कोण होते हे सांगणारा पुरावा या वाळक्या गोळ्यांतच उरलाय.

हा पुरावा नाजूक असतो. उघड्या हाताने धरला तरी आपला डीएनए त्यात मिसळतो. जागेवरून हलवला तर तो कुठल्या थरातला, हेही कळेनासं होतं. म्हणून कुठे असा संशयास्पद दगड दिसला तर उचलू नका, धुऊ नका आणि विकत तर मुळीच घेऊ नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. फोन खिशात आहेच, एवढं काम त्याला नक्की जमेल.