चुलीतला च

आजी मिशनच्या बंगल्यातल्या मडमबाईंची नक्कल करायची तेव्हा आधी पदर खोचायची, मान ताठ करायची आणि ओट्यावरच्या मांजराला अदबीनं विचारायची, “आपण खाली उतरता का?” आम्ही पोरं हसून लोळायचो. मडमबाईंना मराठी शिकवायला एक पंडित यायचे. मान द्यायचा तर ‘आपण’ म्हणावं, एवढं त्यांनी पढवलं. पण कुणाला द्यायचा, ते बहुधा राहून गेलं. मांजर ‘आपण’ झालं, आणि बंगल्यावर आलेल्या पाटलांना ऐकावं लागलं, “तू कधी आलास?”

ही नक्कल मुळात आजीच्या आईची. 1900च्या दुष्काळात ती नेवाशाकडच्या कुठल्याशा खेड्यातून मिशनच्या आसऱ्याला आली, दहा की अकरा वर्षांची. खेड्याचं नाव आजी दर खेपेला वेगळं सांगायची. पुढे ती बंगल्याच्या स्वयंपाकघरात लागली, आणि तिथं पंडितांचं उरलेलं शिकवणं तिच्या गळ्यात पडलं. चहातला च निराळा, चुलीतला च निराळा, हे पुस्तकात दिसत नाही. मडमबाई दोन्ही एकाच जिभेनं म्हणायच्या. मग ही चुलीपुढं बसून फुंकणीनं राख सारत त्यांच्याकडून घोकून घ्यायची, “चूल, चाळण, चमचा.” ‘ळ’ मात्र मडमबाईंना शेवटपर्यंत आला नाही म्हणे. डाळीची कायम ‘डाल’च राहिली.

हे मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन; नगरला (नवं नाव अहिल्यानगर, पण आमच्या जिभेला नगरच) त्यांचं ठाणं बसलं 1831 साली. मुंबईत त्यांची पहिली माणसं उतरली ती त्याच्याही आधी, 1813च्या फेब्रुवारीत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. कलकत्त्यात कंपनी सरकारनं त्यांना थारा दिला नव्हता. त्याच खेपेला निघालेली हॅरिएट न्यूवेल मॉरिशसलाच गेली, 19 वर्षांची. हॉलला तेरा वर्षं मिळाली. 1826मध्ये नाशकाकडे फिरतीवर असताना आजाऱ्यांना औषधं वाटता वाटता त्यालाच पटकीनं गाठलं, आणि त्या रात्री त्यानं पथारी टाकली होती ती एका देवळाच्या ओसरीत. हे मी पुढे वाचून आजीला सांगितलं. ती सुपारी कातरत होती. म्हणाली, “देवळात निजू दिलं व्हय? बरं केलं गुरवानं.”

सिंथिया फरार यांचं नाव मात्र आजीला शाळेपासून ठाऊक होतं. 1827ला मिशनतर्फे आलेली ही बिनलग्नाची बाई, वय 32. नगरच्या त्यांच्या मुलींच्या शाळेवरूनच जोतीराव फुल्यांच्या मनानं मुलींची शाळा काढायचं घेतलं, आणि सावित्रीबाईही पुढे त्यांच्याकडे शिकल्या. 1862ला बाई नगरलाच वारल्या. पुस्तकात त्यांच्या वाट्याला तेवढंच एक वाक्य येतं. मला उगाच वाटत राहतं, बाईंचं दळण कोण दळत असेल?

बंगल्यात बस्तान बसवायचं म्हणजे निम्मी लढाई वाळवीशी. कपाटांचे पाय पाणी भरलेल्या डब्यांत, पुस्तकं उन्हात. पाणी उकळून, दूध उकळून. स्वयंपाकघर बंगल्यापासून सुटं, त्यामुळे पावसात सूप टेबलापर्यंत जाईस्तो वाढलेलं असायचं (हा आजीचा आवडता विनोद; ती तो जेवताना हटकून सांगायची). पावासाठी बटाट्याचं आंबवण धरायचं. थंडीत ते फुगेना, तेव्हा आजीच्या आईनं डबा गोधडीत गुंडाळून उशाशी घेतला. पेरूची जेली मडमबाईंनी हिला शिकवली, आणि हिनं त्यांना कारळ्याची चटणी. आमच्या घरी नाताळात करंज्यांच्या ताटात ती जेली अजून असते.

साहेब लोक आले होते आमचे देव बदलायला, हे विसरून गोडवे गायचे नाहीत. आजीच्या आईचं कुंकू गेलं. जात्यावरच्या ओव्या मात्र गेल्या नाहीत. विठ्ठलाच्या जागी प्रभू येशू बसवला की चाल तीच. मिशननंही तोवर कीर्तन आपलंसं केलं होतं, टाळ-मृदंगासकट. कोण कुणात मुरलं, याचा हिशेब मला कधी लागला नाही.

वडाळा बहिरोबाचे मिशनरी सॅम्युएल फेअरबँक तर सुवार्तेइतकेच शेतीत आणि पाखरांत रमले. पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात अजून ‘फेअरबँकी’ आहे. रॉबर्ट ह्यूम 1847ला मुंबईतच जन्मले, येलला शिकले आणि 1874ला नगरला आले. दुष्काळातल्या कामासाठी सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. आजीच्या आईला पदकाचं काही नव्हतं. तिला आठवायचं ते रांगेत हातावर पडलेलं गरम अन्न. खिचडी की कण्या, तेही दर वेळी बदलायचं.

लहानपणी मी आजीचं बोट धरून गोऱ्यांच्या कबरी पाहिल्यात. वीतभर उंचीचे दगडच जास्त होते. आजी त्यांच्यापाशी थांबून गवत उपटायची आणि काही बोलायची नाही. मडमबाईंचंही एक मूल तिथं होतं, असं मला वाटतं. की ते दुसऱ्या बंगल्यातलं, कोण जाणे.

म्हातारपणी मडमबाई अमेरिकेला परतल्या. तिथून एक पत्र आलं, अक्षर मोठं, बाळबोध. आजीनंच ते आईला वाचून दाखवलं होतं. इकडची विचारपूस होती, तिकडच्या बर्फाबद्दल लिहिलं होतं, आणि खाली तक्रार. जाताना ट्रंकेतून नेलेल्या बाजरीच्या पिठाची भाकरी थापताना तुटते. काय चुकते ते कळवावे.

आजीची आई खूप वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “लिही. पिठाची विरी गेली आसंल. उकळतं पाणी घालून बघा म्हनावं.”

उत्तर टाकलं. ते पोचलं का, आणि भाकरी साधली का, हे आजीलाही सांगता यायचं नाही.