तळटीप : फॅरारबाईंची नगरची शाळा

१. ‘नगरच्या मडमेच्या शाळेत शिकली’ असे मूळ लेखात मोघम म्हटले आहे. ही मडम म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार. १८२७ साली त्या मुंबईत उतरल्या, १८३९ मध्ये अहमदनगरला आल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली. सावित्रीबाईंचे अध्यापनाचे प्रशिक्षणही फॅरारबाईंकडे झाले, असे चरित्रकार सांगतात.

सावित्रीबाईंचे घराणे ठाऊक आहे : नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची लेक, जन्म १८३१, लग्न १८४०. सामान्य विद्यार्थिनीचे तसे नसते. मिशनच्या अहवालांत बहुधा पटाचा आकडा सापडतो, मुलीचे नाव नव्हे. आणि नाव मिळालेच तर आडनाव असेलच याची खात्री नाही. म्हणून एखाद्या पणजीचा माग काढणाऱ्याने नगरहून १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक आधी चाळावेत. फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये याच पत्रात छापून आला, म्हणून तर ती आज नावानिशी माहीत आहे. कुटुंब ख्रिस्ती झाले असेल तर चर्चची बाप्तिस्म्याची वही पाहावी. तिथे आईबापांची नावे मिळण्याचा संभव अधिक. मिशनचा पत्रव्यवहार मात्र सातासमुद्रापार, हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. नगरच्या मुलींची हकिकत मिशनच्या बॉस्टनमधील मुख्य कचेरीला कळवलेल्या पत्रांत शोधावी लागते. — संपा.