किशोरवयातील जीवनसत्त्वे आणि उद्याचे हृदय

हृदयविकार हा साधारणतः पन्नाशीनंतरचा आजार समजला जातो. परंतु त्याची बीजे बालपणात, किंबहुना मातेच्या गर्भातच पडतात, असे संशोधक मानू लागले आहेत. मग मावळातील शाळकरी मुलांना आज जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर उद्याचे हृदयविकार टळतील काय? आणि टळले, तरी तो खर्च परवडेल काय?

पुण्यातील संशोधन

या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास पुणे जिल्ह्यातच झाला. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांची पाहणी सुरू केली. येथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा कितीतरी कमी असले, तरी त्यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. अनेक मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ब-१२ कमी आणि फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक आढळला.

पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्के जणांत ब-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहार हे त्याचे एक प्रमुख कारण. ब-१२ कमी पडले की रक्तातील होमोसिस्टीन वाढते आणि ते हृदयविकाराशी निगडित मानले जाते.

याच पाहणीतील मातांची मुले किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याची चाचणी घेण्यात आली. पुढे त्यांना झालेल्या बाळांच्या दोन वर्षे वयाच्या तपासणीत बौद्धिक व भाषिक विकासात लाभ दिसल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचे उत्तर मात्र त्यातून लगेच मिळणे शक्य नव्हते. त्यासाठी दशके थांबावे लागते.

हिशेब कसा मांडतात?

समजा, दहा हजार मुलांना वर्षाला प्रत्येकी १०० रुपयांची गोळी पाच वर्षे दिली. खर्च ५० लाख रुपये. चाळीस वर्षांनी शंभर हृदयविकार टळले, तर दर रुग्णामागे ५० हजार रुपये पडले. पण अर्थशास्त्र दूरच्या लाभाची किंमत कमी धरते. वर्षाला तीन टक्के सूट धरली, तर चाळीस वर्षांनंतरचे १०० आज सुमारे ३१ इतकेच भरतात. म्हणजे खर्च १.६ लाखांवर जातो आणि केवळ दहाच हृदयविकार टळले, तर १६ लाखांवर. गोळी स्वस्त आहे; अनिश्चित आहे तो तिचा परिणाम.

आणि इथेच सावधगिरी हवी. २००६ मध्ये नॉर्वेतील 'नॉर्विट' आणि बहुराष्ट्रीय 'होप-२' या मोठ्या चाचण्यांत ब-जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन कमी केले. परंतु हृदयविकाराचे झटके लक्षणीयरीत्या घटले नाहीत. हे रुग्ण प्रौढ आणि आधीच आजारी वा धोक्याच्या गटातील होते, म्हणून किशोरांबाबत हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. मात्र लाभ गृहीत धरण्याचा परवानाही त्यातून मिळत नाही. अमेरिकेत २५ हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या 'ड' जीवनसत्त्वाच्या 'व्हायटल' चाचणीतही हृदयाला लाभ दिसला नाही.

मावळासाठी काय?

'अ‍ॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात किशोरांना आठवड्याला लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. तीत ब-१२ नाही. अंदर मावळातील वाडीवरची मुले आणि लोणावळ्यातील शाकाहारी घरांतील मुले यांचा आहार सारखा नाही. तेव्हा आधी काही शाळांत रक्ततपासणी करून कमतरता कोठे आहे ते पाहणे आणि तेथेच गोळी देणे, हेच पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरेल. ब-१२ ची कमतरता भरून काढण्यास रक्तक्षय, मज्जातंतूंचे विकार आणि पुढील गरोदरपण ही कारणे पुरेशी आहेत. हृदयाचा लाभ झालाच, तर तो वरकड.

दरम्यान पालकांनी दूध, दही, ताक आणि चालत असेल तर अंडी, मासे मुलांच्या आहारात ठेवावेत. तंबाखूपासून दूर राहणे, मीठ मर्यादित ठेवणे आणि रोज मैदानावर खेळणे यांचा हृदयाला होणारा लाभ गोळीहून कितीतरी अधिक सिद्ध झालेला आहे. आणि त्यांना खर्च जवळपास नाहीच.